थंड देशात स्थायिक व्हायचंय? कॅनडाच्या हिवाळ्याचा हिशोब असा मांडा

पुण्यात पारा १० अंशांच्या खाली गेला की त्याची बातमी होते. कपाटातले स्वेटर बाहेर येतात, चौकात शेकोट्या पेटतात. कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारी महिन्याचं सरासरी तापमान उणे १६ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. म्हणजे पुण्याच्या 'कडाक्याच्या' थंडीपेक्षाही जवळपास २५ अंशांनी कमी.

शिक्षण, नोकरी किंवा कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडाला जाण्याचा विचार करणारी मराठी कुटुंबं व्हिसा, फी, घरभाडं आणि पगार यांचा हिशोब बारकाईने मांडतात. हवामानाचा विषय मात्र बहुतेक वेळा 'होईल सवय' या दोन शब्दांत संपतो. पहिला हिवाळा जड गेला की परत फिरण्याचा विचार मनात येतो. तोपर्यंत कर्ज काढलेलं असतं, इथली नोकरी सोडलेली असते, मुलांच्या शाळा बदललेल्या असतात.

थंडी सोसता येते की नाही, हा प्रश्न तसा सोपा आहे. तिथे लाखो लोक राहतात, त्यात उष्ण देशांतून गेलेलेही आहेत. अवघड भाग वेगळा आहे. थंडी ही एकच गोष्ट नसते. पारा, वारा, अंधार, कोरडी हवा आणि हिवाळ्याची लांबी या पाच गोष्टी मिळून ती बनते आणि घरातल्या प्रत्येकाला ती सारखी लागत नाही. म्हणून हिशोबही वेगवेगळा मांडावा लागतो.

कॅनडात सगळीकडे सारखीच थंडी असते का?

नाही. देश इतका मोठा आहे की 'कॅनडाची थंडी' असं एकच माप देता येत नाही. जानेवारीतलं सरासरी तापमान साधारण असं असतं:

- व्हँकुव्हर: अधिक ४ अंश
- टोरंटो: उणे ४ अंश
- कॅलगरी: उणे ७ अंश
- माँट्रियल: उणे ९ अंश
- एडमंटन: उणे १० ते १२ अंश
- विनिपेग: उणे १६ अंश

ही दिवसरात्रीची सरासरी आहे. थंडीची लाट आली की एडमंटन आणि विनिपेगमध्ये पारा उणे ३० च्याही खाली जातो.

व्हँकुव्हर समुद्राकाठी असल्याने तिथे बर्फ कमी पडतो, पण हिवाळाभर पाऊस आणि ढगाळ आकाश असतं. शिवाय ते देशातल्या सर्वांत महागड्या शहरांपैकी एक आहे. कॅलगरीत रॉकी पर्वतावरून 'चिनूक' नावाचे उबदार वारे उतरतात आणि काही तासांत तापमान १५-२० अंशांनी वाढू शकतं. विनिपेगची थंडी सर्वांत कडक, पण तिथे घरं तुलनेने स्वस्त आहेत आणि आकाश बऱ्याचदा निरभ्र असतं. म्हणजे शहर निवडताना अनेकदा थंडी आणि खर्च यांच्यात देवाणघेवाण करावी लागते.

'विंड चिल' म्हणजे काय?

कॅनडातल्या हवामानाच्या बातमीत दोन आकडे सांगतात. एक तापमानाचा, दुसरा विंड चिलचा. शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो, त्यामुळे उघडी त्वचा जास्त वेगाने थंड होते. विंड चिलचा आकडा हा परिणाम सांगतो.

उदाहरणार्थ, तापमान उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर विंड चिल सुमारे उणे २० होतो. तापमान उणे २० असेल, तर तेवढ्याच वाऱ्यात तो सुमारे उणे ३३ वर जातो.

विंड चिल उणे २८ च्या खाली गेला की उघड्या त्वचेला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उणे ४० च्या खाली हा वेळ ५ ते १० मिनिटांवर येतो. हिमदंशात त्वचा आणि तिच्या खालचा भाग गोठतो. बोटं, कान, नाक आणि गाल यांना धोका सर्वाधिक असतो. त्वचा बधिर होऊन पांढरट दिसू लागली, तर ती चोळायची नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. आत येऊन कोमट पाण्याने ऊब द्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

थंडी जीवही घेते. जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबा प्रांतात, अमेरिकेच्या सीमेजवळ, गुजरातमधल्या एका कुटुंबातल्या चौघांचे गोठलेले मृतदेह सापडले. त्यात दोन मुलं होती. ते रात्रीच्या हिमवादळात पायी सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नात होते. शहरात राहणाऱ्या माणसावर अशी वेळ सहसा येत नाही. पण बंद पडलेल्या गाडीत अडकणं किंवा पातळ जॅकेटवर बसची वाट पाहत उभं राहणं, हे धोके रोजच्या आयुष्यातले आहेत.

थंडीपेक्षा अंधार जास्त त्रास देतो का?

बऱ्याच जणांच्या बाबतीत, हो. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. टोरंटोत तो ९ तासांचा आणि एडमंटनमध्ये साडेसात तासांचा असतो. टोरंटोत डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. ऑफिसला जाताना झुंजूमुंजू आणि परतताना काळोख, असे आठवडेच्या आठवडे जातात. त्या वेळी भारतात पहाटेचे तीन वाजलेले असतात, त्यामुळे घरी फोन करून मन हलकं करावं तर तीही सोय नसते.

प्रकाशाच्या या कमतरतेमुळे होणाऱ्या नैराश्याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ऋतुमानानुसार येणारं नैराश्य, म्हणतात. त्याचं पहिलं सविस्तर वर्णन १९८४ मध्ये डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांना आधी स्वतःमध्येच जाणवलं होतं. उबदार प्रदेशातून थंड प्रदेशात गेलेल्या माणसालाच हा फरक ठळकपणे दिसला.

या नैराश्यात झोप वाढते, गोड आणि पिष्टमय खावंसं वाटतं, वजन वाढतं, कामात लक्ष लागत नाही, माणसं टाळावीशी वाटतात. नव्याने गेलेला माणूस याचा दोष स्वतःला देतो किंवा घरची आठवण येते म्हणून असं होतंय, असं समजतो. सकाळी साधारण अर्धा तास १०,००० लक्स प्रकाश देणाऱ्या दिव्यासमोर बसणं हा यावरचा मान्य उपचार आहे. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी मात्र तो डॉक्टरांना विचारूनच करावा. दुपारी उजेड असताना बाहेर चालून येण्याचाही उपयोग होतो. आधी नैराश्याचा त्रास झालेला असेल, तर निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणं आवश्यक आहे.

शरीराला थंडीची सवय होते का?

काही प्रमाणात. उष्णतेशी शरीर दोन आठवड्यांत बरंच जुळवून घेतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. थंडीच्या बाबतीत शरीरातले बदल तुलनेने मर्यादित असतात. 'सवय झाली' असं जे लोक म्हणतात, त्यात मोठा वाटा शिकण्याचा असतो. काय घालायचं, किती वेळ बाहेर राहायचं, बसची वेळ पाहून मगच घर कसं सोडायचं, हे पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत कळतं.

शरीराच्या बाबतीत तीन गोष्टींची तयारी ठेवावी लागते.

पहिली, कोरडी हवा. थंड हवेत बाष्प फार कमी मावतं. उणे १० अंशांची हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता जेमतेम १०-१५ टक्के उरते. त्यामुळे ओठ फुटतात, हाताला भेगा पडतात, नाकातून रक्त येतं, एक्झिमा वाढतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेतून गेलेल्यांना हा बदल लगेच जाणवतो. घरात ह्युमिडिफायर लावतात, पण आर्द्रता फार वाढवली तर खिडक्यांवर पाणी साचून बुरशी धरते.

दुसरी, ड जीवनसत्त्व. कॅनडात साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्याची किरणं इतकी तिरपी असतात की त्वचेत ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त ऊन लागतं. म्हणूनच कॅनडात गाईच्या दुधात ड जीवनसत्त्व मिसळणं सक्तीचं आहे. शाकाहारी आणि दूध कमी घेणाऱ्यांनी रक्ततपासणी करून गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

तिसरी, आधीचे आजार. दमा थंड हवेत उसळू शकतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. फावड्याने बर्फ उपसणं हे दिसतं त्यापेक्षा फार कष्टाचं काम आहे. हृदयविकार असलेल्यांनी ते टाळावं, असं डॉक्टर सांगतात.

कपड्यांवर किती खर्च येतो?

नव्याने जाणारे अनेक जण भारतातूनच जाड जॅकेट विकत घेऊन जातात. ते टोरंटोच्या नोव्हेंबरला पुरतं, एडमंटनच्या जानेवारीला पुरत नाही. खरा हिवाळी कोट आणि बूट तिथेच घेणं शहाणपणाचं. दोन्ही मिळून माणशी काही शे डॉलर लागतात. चार जणांच्या कुटुंबाने ही रक्कम पहिल्या महिन्याच्या खर्चात धरायला हवी. जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. हिवाळा संपताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, सेल लागतात.

एका जाड कपड्यापेक्षा तीन थर जास्त ऊब देतात. अंगालगत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस आणि वरून वारा अडवणारा कोट. अंगालगत सुती बनियन घालू नये. सुती कापड घाम शोषून ओलं राहतं आणि अंग गार पडतं. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहतील असे मोजे जास्त उबदार असतात. बुटांची पकड तपासून घ्यावी. रस्त्यावर साचणारा पारदर्शक बर्फ डोळ्यांना दिसत नाही आणि हिवाळ्यातल्या बऱ्याच दुखापती घसरून पडल्यानेच होतात.

घर घेताना काय पाहावं?

कॅनडातली घरं आतून भारतातल्या घरांपेक्षा उबदार असतात. जानेवारीत नाशिकच्या फरशीवर पाय ठेवताना जो गारवा झोंबतो, तो तिथल्या तापवलेल्या घरात जाणवत नाही. पण ही ऊब विकत घ्यावी लागते.

भाड्याचं घर पाहताना हीटिंगचा खर्च भाड्यात धरला आहे का, हे आधी विचारावं. तो वेगळा असेल, तर हिवाळ्यातलं बिल उन्हाळ्याच्या कितीतरी पट येऊ शकतं. हीटिंग गॅसवर आहे की विजेवर, यावरही खर्च ठरतो. टोरंटोत हिवाळ्यात भाडेकरूला किमान २१ अंश तापमान देणं घरमालकावर बंधनकारक आहे.

नवे स्थलांतरित बऱ्याचदा तळघरात राहतात, कारण भाडं कमी असतं. तिथे उजेड आधीच कमी. बाहेर अंधार आणि घरातही अंधार, असा हिवाळा काढणं जास्त कठीण जातं. खिडकी केवढी आहे, बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का आणि धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, हे पाहिल्याशिवाय घर ठरवू नये.

डिसेंबरच्या सुट्टीत भारतात येताना बिल वाचवण्यासाठी हीटिंग पूर्ण बंद करणं ही महागात पडणारी चूक आहे. नळांमधलं पाणी गोठून फुगतं, पाइप फुटतात आणि परतल्यावर घरभर पाणी असतं.

ये-जा कशी होते?

टोरंटो आणि माँट्रियलमध्ये मेट्रो आहे, शहराच्या मध्यभागी जमिनीखालून चालत जायचे लांबलचक मार्ग आहेत. कॅलगरीत इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल आहेत. उपनगरांत आणि लहान शहरांत मात्र गाडीवाचून अडतं.

गाडीचा हिवाळी खर्चही वेगळा असतो. साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते, म्हणून हिवाळी टायर लावतात. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. एडमंटन, विनिपेगमध्ये रात्री इंजिन गरम ठेवण्यासाठी गाडीला विजेचा प्लग जोडतात, त्यामुळे पार्किंगमध्ये तशी सोय आहे का, हेही पाहावं लागतं.

कामाचं स्वरूपही महत्त्वाचं. ऑफिसात बसणाऱ्याला दिवसातून दहा मिनिटं थंडी लागते. बांधकाम, गोदाम, सिक्युरिटी किंवा खाद्यपदार्थांच्या डिलिव्हरीत असलेल्याला तासन् तास. अनेक विद्यार्थी सुरुवातीला अशीच कामं करतात. त्यांच्यासाठी शहराचं तापमान हा नुसता सोयीचा प्रश्न राहत नाही, तो सुरक्षेचाही होतो.

आई-वडील आणि मुलांचं काय?

लहान मुलं सर्वांत लवकर रुळतात. तिथल्या शाळा थंडीसाठी बंद होत नाहीत. विंड चिल उणे २७-२८ च्या वर असेल, तर बऱ्याच शाळा मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला पाठवतात. त्यामुळे मुलांचे बर्फातले कपडे पूर्ण हवेत, हौसेपुरते नकोत.

घरात राहणाऱ्या जोडीदाराचा विचार बहुतेक वेळा राहून जातो. एकाला नोकरीच्या निमित्ताने माणसं भेटतात. दुसऱ्याकडे गाडी नसेल, काम नसेल, तर नोव्हेंबर ते मार्च चार भिंतींत जातो. हिवाळ्याआधीच भाषेचा वर्ग, ग्रंथालय, जिम किंवा एखादं काम ठरवून ठेवलं तर फरक पडतो. मराठी मंडळांचाही आधार असतो. टोरंटोत मराठी भाषिक मंडळ आहे, इतर मोठ्या शहरांतही मंडळं आहेत. गणपती उन्हाळ्याच्या अखेरीस येतात तेव्हा ओळखी करून घेतलेल्या बऱ्या. संक्रांत येते ती ऐन गोठवणाऱ्या जानेवारीत. तेव्हा तिळगूळ द्यायला जाण्याइतकं ओळखीचं घर जवळ असणं मोलाचं ठरतं.

वयस्कर आई-वडिलांसाठी थंडी सर्वांत जाचक असते. इथे ते रोज कट्ट्यावर, देवळात, भाजीला चालत जातात. तिथे घसरून पडण्याच्या भीतीने घरात बसतात. आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी असलेल्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्यासाठी खासगी आरोग्य विमा लागतो. त्यामुळे अनेक कुटुंबं त्यांना मे ते सप्टेंबर या काळातच बोलावतात.

कोणत्या महिन्यात जावं?

शक्य असेल तर मे ते ऑगस्टमध्ये. घर शोधणं, वाहन परवाना, ओळखी हे सगळं थंडीआधी उरकतं आणि शरीराला हळूहळू गारवा लागत जातो. कॉलेजांचे प्रवेश साधारणपणे सप्टेंबर, जानेवारी आणि मे या महिन्यांत सुरू होतात. जानेवारीचा प्रवेश घेणारा विद्यार्थी ३० अंशांतून विमानात बसतो आणि उणे तापमानात उतरतो. अशा वेळी कोट आणि बूट पहिल्याच दिवशी हातात येतील अशी व्यवस्था हवी.

निर्णय घेण्यासाठी मात्र उन्हाळा फसवा असतो. जुलैत टोरंटो पाहिलेल्या माणसाला तिथे राहावंसं वाटणारच. आधी जाऊन पाहण्याची संधी असेल, तर फेब्रुवारीत दोन आठवडे राहून बघावं. तोपर्यंत बर्फाची नवलाई संपलेली असते आणि हिवाळा संपायला अजून अवकाश असतो. तिथल्या लोकांनाही हाच महिना नकोसा होतो.

थंड देशात गेलं की उकाड्यातून सुटका होते का?

विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यापुढे टोरंटोचा उन्हाळा सुखाचा आहे. दिवस साडेपंधरा तासांपर्यंत वाढतो, बागा आणि तळी गजबजतात. पण उकाडा तिथेही पोहोचला आहे. २९ जून २०२१ रोजी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदवलं गेलं. त्या लाटेत प्रांतात ६०० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. तिथल्या अनेक घरांमध्ये एसी नव्हते. २०२३ मध्ये वणव्यांचा धूर अनेक शहरांवर पसरला होता. त्यामुळे फक्त उष्णतेला कंटाळून देश बदलायचा असेल, तर हेही लक्षात घ्यायला हवं.

निर्णय कसा घ्यावा?

घरातल्या प्रत्येकासाठी या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत:

- रोज किती वेळ बाहेर राहावं लागेल, आणि कशासाठी?
- दमा, हृदयविकार, सांधेदुखी किंवा नैराश्याचा इतिहास आहे का?
- कपडे, हीटिंग, टायर यांचा खर्च पगारात बसतो का?
- दिवसाउजेडी घराबाहेर पडायला काही निमित्त आहे का?
- अडचणीला धावून येईल असं जवळ कोण आहे?

एखाद्याची बहुतेक उत्तरं प्रतिकूल आली, तर लगेच बेत रद्द करण्याची गरज नाही. शहर बदलता येतं, जाण्याचा महिना बदलता येतो, एकाने आधी जाऊन बाकीच्यांनी पुढच्या मे महिन्यात जाणं हाही मार्ग असतो. कायम वास्तव्याचा परवाना टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहणं पुरतं, त्यामुळे काही निवृत्त जोडपी हिवाळा भारतात काढतात. मात्र सरकारी आरोग्य सेवेसाठी प्रांतात किती दिवस राहायचं, याचे नियम वेगळे असतात. ऑन्टॅरिओत ही मर्यादा १२ महिन्यांत किमान १५३ दिवसांची आहे.

पहिल्या हिवाळ्यावरून मात्र कायमचा निष्कर्ष काढू नये. त्या वर्षी थंडीबरोबर नवी नोकरी, नवं घर, पैशाची ओढाताण आणि एकटेपणाही असतो. दुसऱ्या हिवाळ्यात पारा तेवढाच उतरतो, पण कोट, बूट, रस्ते आणि माणसं ओळखीची झालेली असतात. तेव्हाही मार्चपर्यंत जीव नकोसा होत असेल, तर परत येणं किंवा उबदार शहर शोधणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरेल. त्यासाठी परतीच्या खर्चाइतकी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलेली बरी.